दुखऱ्या दाढेचे दोन डॉक्टर

मोठे डॉक्टर, तुम्ही तिची छाती तपासलीत, हाडं तपासलीत, रक्ताचा थेंब न् थेंब तपासलात. पण हातभर अंतरावर बसलेल्या त्या बाईला "आ करा" म्हणायला तुम्हाला सवड झाली नाही. ती म्हणाली, "घास गिळताना जीव जातो हो." तुम्ही कॉम्प्युटरकडे बघतच म्हणालात, "या औषधांनी होतं असं," आणि पुढच्या पेशंटला बोलावलंत. मग तिनं दुसरं दार ठोठावलं, तर त्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडू नका.

ती म्हणजे मास्तरीण. नवरा कापड बेततो म्हणून तो मास्तर, शिलाई मशीन ती चालवते म्हणून ती मास्तरीण. घराचीच पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. कॅन्सर छातीतून हाडांत उतरला, तरी जरा बरं वाटलं की ती मशीनवर बसायचीच. फक्त दोरा दातानं तोडायचं थांबलं होतं. तोंडभर फोड आलेले, आणि खालची एक दाढ अशी ठणकायची की कानात सळई फिरवल्यासारखं व्हायचं.

मास्तर केळं कुस्करून वाटी पुढं करायचा. "दोन घास खा. नाहीतर मी खाईन."

"खाताच आहात. विजार बघा, गेल्या महिन्यात शिवली, आत्ताच बटण मान टाकतंय."

दुसऱ्या दारावर पाटी होती, 'समग्र दंतचिकित्सा'. आत खिडकीत झाडं, भिंतींना फिकट रंग, औषधाचा वास नाही. दाताच्या डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं, मास्तरणीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, मला घाई नाही. कुठं दुखतं ते बोटानं दाखवा." छोटा आरसा फिरवत त्यांनी एकेक दात बघितला. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं चुळा भरायला सांगितल्या, लहान मुलाचा मऊ ब्रश दिला, कळ आली की श्वास सावकाश कसा सोडायचा ते शिकवलं. फोड हळूहळू बसले. एका दुपारी मास्तरणीनं वाटीभर मऊ भात संपवला आणि रिकाम्या वाटीकडे बघून रडली.

रोज सकाळी तोंडात तेल धरून बसायलाही बाईंनी सांगितलं होतं. मास्तरला त्यात फायदा दिसला.

"घरात केवढी शांतता! पिंपच आणून ठेवतो तेलाचं."

तिला हसता येईना, थुंकता येईना. तिनं हातातली मोजपट्टी त्याच्या पाठीत हाणली.

पण पुढच्या खेपेला बाई नको ते बोलल्या. त्या दाढेचं पूर्वी रूट कॅनाल झालं होतं, आत विष साठलंय, कॅन्सर तिथूनच छातीत उतरला असणार. दाढ काढून टाकू, म्हणाल्या.

मास्तरचं डोकं तापलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात त्याचं लक्ष बायकोकडे गेलं आणि तो गप्प झाला. आजार कळला तेव्हापासून ती विचारत होती, मलाच का? कुणी उत्तर देत नव्हतं. आज तिला उत्तर मिळालं होतं. दाढेएवढं, चिमट्यात धरून काढून टाकता येईल एवढं. तिचा चेहरा उजळला होता.

"हॉस्पिटलचं काय काय चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"गोळ्या आहेत," ती म्हणाली आणि थांबली.

ही दुकानाची सवय. एक गिऱ्हाईक दारात दिसलं की दुसऱ्याचं कापड टेबलाखाली सरकवायचं. कुणाचं माप, कुणाचा बेत, दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. कळला की माणूस रुसतो आणि परत फिरकत नाही. डॉक्टरांनाही तिनं तोच कायदा लावला होता. तुम्हाला दाताच्या बाईंचा पत्ता नाही, बाईंना तुमच्या सगळ्या औषधांचा नाही. तिला दोघंही हवे होते, म्हणून तिनं दोघांपासूनही लपवलं.

दाढ काढायच्या दिवशी ती खुर्चीत आडवी झाली. गळ्याशी कागदी रुमाल, डोळे घट्ट मिटलेले. मास्तर पायथ्याशी तिच्या पावलावर हात ठेवून उभा. बाईंनी हिरडी बधिर करायची सुई उचलली. मास्तरणीची पायाची बोटं आखडली, तशी त्यानं थट्टा केली, "एवढीशी सुई, तिला घाबरतेस होय? दर महिन्याला हाडांचं इंजेक्शन घेतेस तेव्हा बरी वाघीण असतेस!"

बाईंचा हात हवेतच राहिला. "कुठलं हाडांचं इंजेक्शन, काका?"

मास्तरणीनं डोळे उघडून नवऱ्याकडे असं बघितलं की तो अर्धा झाला.

"हाडं मोडू नयेत म्हणून देतात ते?"

"तेच."

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "मग मी ही दाढ काढत नाही. त्या इंजेक्शनवर दात काढला की कधीकधी जखम भरत नाही, जबड्याचं हाड मरतं. ते सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, असं कुणी सांगितलं नाही?"

"कुणीच नाही."

"आणि काकू, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाई स्टुलावर बसल्या. "मीच खोदून विचारायला हवं होतं," म्हणाल्या.

मास्तरीण उठून बसली. "आणि या दाढेमुळं कॅन्सर झाला म्हणालात, ते कशावरून?"

"काही जण मानतात तसं."

"मानतात ते राहू द्या. तुम्हाला ठाऊक आहे?"

बाई हातमोजे काढत राहिल्या. "नाही, काकू. मी बोलायला नको होतं."

तेव्हा तिला रडू फुटलं. हातात आलेलं कारण गेलं होतं. मास्तरनं त्याच कागदी रुमालानं तिचे डोळे पुसले, नाकही पुसलं. "कारण नसलं तर नसलं. तू काही केलं नव्हतंस, एवढं तरी कळलं ना?" तिनं मान हलवली आणि त्याचा हात गालाशी धरून ठेवला.

तिथून दोघं थेट तुमच्या खोलीत आले. तुम्ही सगळं ऐकलंत आणि पहिलं वाक्य काय बोललात? "असल्या लोकांकडे जाताच कशाला?"

"त्या माझ्याजवळ बसतात म्हणून जाते," मास्तरीण म्हणाली. "चुकल्या, तर तोंडावर कबूल केलं त्यांनी. त्यांच्या चुळांनी मला घास गिळता आला. त्या चुळा मी सोडणार नाही. तुमची औषधंही सोडणार नाही. आता लपवणारही नाही. पण इंजेक्शन द्यायच्या आधी दात दाखवून घ्या म्हणून एक वाक्य बोलायला तुम्हाला काय झालं होतं?"

दार किलकिलं करून नर्स म्हणाली, "पुढचे पेशंट थांबलेत."

"थांबू द्या, ताई. त्यांनाही दात असतील," मास्तर म्हणाला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

मास्तरणीनं फोन लावून, स्पीकर चालू करून तुमच्या टेबलावर ठेवला. पलीकडून दाताच्या बाई म्हणाल्या, "हॅलो, बोला."

"दाढ रात्रंदिवस ठणकतेय. काढायची नाही, तर तिचं करायचं काय? तुम्ही दोघं माझ्यासमोर बोला. दात आधी दाखवायचे हे मला का सांगितलं नाहीत तेही सांगा, आणि आता काय करणार तेही सांगा. डॉक्टर, मी विचारतेय. उत्तर द्या."