घर नसलेला चोर

माझे सासरे ग्यानबा अंगणात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. आता चालले नाहीत तर कायमचे खाटेवर राहतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वॉकर भिंतीला टेकलेला आणि म्हातारा त्याच्याकडं पाठ करून झोपलेला. मी विनवलं, चिडून बघितलं. त्यांचं एकच उत्तर, "चालून जायचं कुठं?"

हळद शिजवायचे दिवस, नवरा शेतात आणि घरात हा हट्ट! राग यायचाच, पण खरं सांगते, भीती जास्त वाटायची. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी कुरुंद्याचा आठवडी बाजारही सोडला होता.

माझी लेक राजनंदिनी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. आजोबांच्या खाटेवर बसून दिवसभर मोबाइलवर चोर-दरोडेखोरांचा गेम खेळायची. एक दिवस सासऱ्यांनी मान वळवली.

"हा कोण?"

"चोर हाये, आबा. बँक लुटून राहिला."

"पैसा किती हाये त्याच्यापाशी?"

"चार कोटी."

"मग आता काहून लुटतो?"

"मोठी गाडी घ्यायची त्याला."

"गाडीत कोण बसतं?"

"तो एकटाच."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी हुकूम सोडला, चोराला बाजारात ने. राजनंदिनीनं त्याला खाऊच्या गाड्यावर नेलं. त्यानं पाव घेतला आणि तिथंच उभ्यानं संपवला. सासरे असे भडकले की मी पोळपाट सोडून धावत आले.

"एकटाच गिळला! घरी न्यायला घेत न्हाई का?"

"तसं बटणच न्हाई, आबा. त्याच्या घरी कोणीच नसतंय."

ते हळूच म्हणाले, "लई गरीब हाये बिचारा."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर बाजारी ते गुळाच्या गोडीशेवेची पुडी आणायचे आणि उंबऱ्यातूनच सासूबाईंच्या हातात द्यायचे. मग सासूबाई आम्हाला वाटायच्या. पुडी घेणारी गेली आणि बाजार सुटला. मी मूर्ख, इतके दिवस वॉकरवरून भांडत होते.

"मामा," मी पिठाच्या हातानंच म्हटलं, "वीस वर्सं मी तुमच्या बाजाराची गोडीशेव खाल्ली. आता दोन वर्सं झाली, कोणी आणली न्हाई." रडूच आलं मला.

ते राजनंदिनीला म्हणाले, "तो वॉकर सरकव इकडं."

महिनाभर अंगणात फेऱ्या झाल्या. कधी कण्हत, कधी मला शिव्या घालत. एका बाजारी नवऱ्यानं त्यांना मोटारसायकलवर बसवून कुरुंद्याला नेलं. परतल्यावर फाटकापासून उंबऱ्यापर्यंत ते काठी टेकत एकटे आले. मला आजवर 'राजनंदिनीची माय' म्हणणाऱ्या माणसानं दारातून हाक मारली, "मंजुषा!"

मी धावले. त्यांनी कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली.

"वाट सगळ्यायला," म्हणाले.

मी पुडी सोडली आणि पहिली मूठ त्यांच्याच हातावर ठेवली.