करवंट्यांचा कोळसा

"गो फेबी, बावडीच्या पाण्याक वास मारता. चेडवाक दिव नको," शेजारची सत्यवतीकाकी कुंपणापलीकडून म्हणाली, तेव्हा फेबी हसली होती. रसायनशास्त्र शिकलेली ती. पाणी उन्हात धरून पाहिलं, नितळ दिसलं, आणि लेकीची, ग्लेनिशाची, बाटली भरली.

आठवड्यात लेकीचे ओठ सुजले, पोटात काही ठरेना. वरच्या काजू कारखान्याने टरफलांचे ढीग विहिरीलगत टाकले होते. त्यांचं कातडी भाजणारं तेल झिरपून खाली उतरत होतं, आणि आचऱ्याच्या त्या वाडीत दुसरी विहीर नव्हती. फेबीने मालवणला जाऊन कारखान्याविरुद्ध तक्रार दिली.

पाणी गाळायला कोळसा हवा म्हणून फेबीने आधी तीच टरफलं डब्यात जाळली. धुराने डोळे चुरचुरले, मदतीला बसलेल्या काकीच्या हातांवर फोड आले.

"कालेजात ह्याच शिकवतत?" काकी हातांवर फुंकर घालत म्हणाली.

मग फेबीने घरोघर करवंट्या मागितल्या. पण न्हाणीचं पाणी त्यांच्यावरच तापतं, देणार कोण? काकीने आपली अख्खी रास अंगणात ओतली. "माका थंड पाणी चलता गो."

करवंट्यांचा कोळसा कुटून, धुऊन, वाळूबरोबर मडक्यात भरला. पाण्याचा वास गेला. तरी फेबीने ते उकळून आधी स्वतः पिऊन पाहिलं. कितीतरी दिवसांनी भीत भीत लेकीला दिलं.

तेवढ्यात कारखान्याचा मुकादम दत्ताराम दारात. "बाय, पाणी साफ झाला ना? मगे तक्रार मागे घी. आमी घरोघर असली मडकी वाटतो."

"कोळसो माझ्या चेडवासाठी आसा. तुमची घाण झाकूक नाय."

"येकटी काय करतलंस?"

दुसऱ्या सकाळी वाडीतल्या बायका हातांना खोबरेल चोळून ढिगाशी उभ्या राहिल्या. टरफलं गोणींत भरली, हातगाडीने वर नेली आणि कारखान्याच्या गेटाला टेकवून रचली.

"गेट उघडना नाय! गाडी खंयसून काढू?" आतून दत्ताराम ओरडला.

"आता तू घी वास!" काकी म्हणाली.

गोणी अजून तिथेच आहेत, तक्रारही. विहिरीचा वास मात्र गेलेला नाही. तक्रारीसाठी फेबी मालवणला खेपा घालते, घरी यायला उशीर होतो. म्हणून तिचं एक मागणं आहे. आचऱ्याकडे गेलात तर सत्यवतीकाकीच्या दारात डोकवा. फेबीने तिला भरून दिलेलं कोळशाचं मडकं तिने पलीकडच्या बाळंतिणीला देऊन टाकलं आहे. विचारलंत तर "माका काय धाड भरली?" म्हणेल. तिचं ऐकू नका. तिचे ओठ बघा.