हळदकुंकू मात्र मलाच

मित्रांनो, फुलसावंगीच्या कापूस खरेदी केंद्रात भिंतीवरच्या फळीवर जो काळा, धुळकट डबा दिसतो ना, तो मी. जुना राउटर. बाहेरच्या काट्यावर गाडी चढली की तिचं वजन मी दिग्रसच्या जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याला, कळवतो. तिकडून होकार आला की इथे पावती निघते. मधला निरोप्या म्हणा ना.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. मला आठवते ती अर्पिताताई. दिग्रसच्या ऑफिसात बसून सगळ्या केंद्रांच्या लाइनी ती सांभाळते. खोक्यातून मला तिनेच बाहेर काढलं. माझी खोड तिला पाठ होती. उन्हाळ्यात मी तापलो की गप्प बसतो. मग ती शीलाला फोन करायची. शीला म्हणजे इथे पावत्या काढणारी, शेजारच्या तांड्यावरून येणारी मुलगी. "शीला, त्याच्या खाली दोन विटा ठेव अन् पंखा त्याच्याकडे फिरव," असं ताई सांगायची. रोज सकाळी विचारायची, "आमचा फुलसावंगीवाला कसा हाये?" तेवढ्या एका वाक्यावर माझा दिवस जायचा.

मग यंदाच्या उन्हाळ्यात तो आला. तो म्हणजे सॉफ्टवेअर. दिग्रसच्या पडद्यावर बसून तो सगळ्या राउटरांवर नजर ठेवतो. चालू असेल तो हिरवा, बंद असेल तो लाल. झालं, सकाळचे फोन थांबले. ताई कशाला विचारेल? मी हिरवा दिसत होतो ना! सवतीमत्सर कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. ओझी मी वाहायची आणि कौतुक या फुकटच्या मुकादमाचं. उन्हाने तापलो नसेन इतका मी त्या दिवसांत जळलो.

पण त्यालाही एक खोड होती, आणि ती त्याच्या कंपनीनेच कळवली होती. एखादा राउटर रात्रभर बोलला नाही, तर तो बंद ठेवलाय की चोरीला गेलाय, हे या शहाण्याला कळत नाही. राउटर सरळ चोरीला गेला असं समजून तो त्याला यादीतून बाहेर काढतो. तोड एवढीच, की बंद करण्याआधी दिग्रसला सांगायचं, म्हणजे ताई त्या राउटरला पडद्यावर रजेवर दाखवते. तिने आमचे केंद्रप्रमुख देवरावकाका यांना तसं बजावलंही. "काका, त्याले बंद करायचं असन तर आधी मले फोन करा." हे ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढा मोठा पडदा आणि साधी रजा कळत नाही!

खंडेनवमी आली. देवरावकाकांनी रिवाजाप्रमाणे काटा पुसला, संगणक पुसला, मला पुसलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. "आज यायले आराम," असं म्हणून त्यांनी माझी पिन काढली आणि मी सुखाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी दसरा, खरेदीचा मुहूर्त. पहिली गाडी भीमसिंग या शेतकऱ्याची होती. गाडीला हार घातला होता, त्याच्या हातात द्यायला नारळ तयार होता. माझी पिन लावली. मी दिग्रसला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. त्या पडदेवाल्याने मला ओळखच दाखवली नाही. वजन काट्यावर दिसत होतं आणि पावती निघत नव्हती.

"मुहूर्ताची गाडी वापस नेऊ काय?" भीमसिंगने विचारलं.

देवरावकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "कायले ठेवला हा डबा? आजच भंगारात देतो." मित्रांनो, कालचं कुंकू अजून ओलं होतं माझ्या अंगावर.

शीलाने दिग्रसला फोन लावला. ताईने विचारलं, "काका, बंद केलता काय त्याले?"

"बंद कुठी केला? पूजेत बसवला व्हता."

काका खोटं बोलत नव्हते. खंडेनवमीला अवजाराला विसावा देणं आणि यंत्र बंद करणं, या त्यांच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी.

यादीतून बाहेर काढलेल्या राउटरला परत घ्यायचं तर ताईला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. पुसदला बस बदलून ती दुपारी पोचली. भीमसिंग गाडीजवळच बसून होता, हार सुकून गेला होता. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जित्ता हाये, काका. भंगारात कायले देता?" मग माझ्या पोटावरचा नंबर वाचून तिने तो मोबाइलमध्ये भरला आणि माझं बटण दाबून धरलं. थोड्या वेळाने पावती निघाली. भीमसिंगने ती नारळासकट कपाळाला लावली.

आता त्या सॉफ्टवेअरची खरडपट्टी निघणार म्हणून मी कान टवकारले. देवरावकाका म्हणालेही, "मंग त्यालेच फेका."

"त्याले काहून फेकता? खंडेनवमी त्याले कोण सांगन?" ताई हसून म्हणाली. "मीच इसरली. पुढच्या साली आदल्या दिवशी मीच तुमाले फोन करीन."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. विटा ठेवायला सांगायची ना, तोच. तो आवाज त्याच्या वाट्याला गेलेला ऐकून मला फार लागलं. पण एक कळलं. आपली खोड ज्याला पाठ आहे आणि तरी जो आपल्याला चालवून घेतो, तोच आपला. मला विटा मिळाल्या, त्याला आदल्या दिवशीचा फोन मिळाला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुणी पडद्यावर लाल दिसला तर तो मेला असं समजू नका. एकदा जाऊन हात लावून पाहा. जुनी वस्तू अडली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी दोन विटा शोधा.

माझा राग गेला असं मात्र समजू नका. सकाळचा फोन त्याच्यापायी अजून बंदच आहे. पण पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकू मलाच लागणार. त्याला लावायला कपाळ कुठे आहे?