कडबाकुट्टीचं बटण

"बाईचं लक्ष नव्हतं," चेअरमन सुंदरराव म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. संचालकांनी माना हलवल्या. माझी जाऊ सत्यभामा चारा तोडायच्या कडबाकुट्टीत उजव्या हाताची बोटं गमावून केजच्या दवाखान्यात पडली होती, आणि इथं दूध संस्थेच्या चारा छावणीत तिची चौकशी एका घोटात संपली.

"उद्यापासून तुमची सून बसंल मशीनवर, तुळजाबाई. द्वारका हुशार हाय."

"सत्यभामा काय येडी होती?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लक्ष होतं तिचं, आण्णा. तुमच्याकडं!"

दुष्काळात छावणीला सावली एकच, कडबाकुट्टीवरच्या पत्र्याची. म्हणून चेअरमनांची बाज मशीनच्या पुढ्यातच. ते आले की बायांनी डोक्यावर पदर घ्यायचा, ही आमची रीत. काल सत्यभामा उसाच्या शेंड्यांचं वाढं आत सारत होती, तेवढ्यात हे आले. तिनं डाव्या हातानं पदर ओढला, मान खाली घातली आणि उजवा हात वाढ्याबरोबर आत गेला. बंद करायचं बटण पार मागच्या खांबाला. मी धावले, पण पात्यांना कुठली दम धरायची सवय!

"म्हंजे मी बोटं तोडली?"

"तुमी न्हाई. बाज हितं, बटण तितं. असं मांडल्यावर द्वारका बसली तरी त्येच हुईल. तुमची लेक बसली तरी त्येच."

"लेकीला कशाला मधी आणता?"

"कावून? तिला बोटं न्हाईत?"

दुसऱ्या दिवशी एकही बाई मशीनला शिवली नाही. आम्ही कोयत्यानं वाढं तोडत बसलो. आमचीच जनावरं भुकेनं हंबरत होती, पण हात मशीनकडं गेला नाही.

"बायांचे नखरे! मीच चालवून दावतो," म्हणत सुंदरराव मशीनपुढं बसले. कवेत वाढं घेतलं, इकडं तिकडं पाहिलं. "मुंजाजी, बंद करायचं बटण कुठंय बे?"

छावणीवरच्या गड्यानं, मुंजाजीनं, पाठीमागं बोट दाखवलं. सुंदरराव मशीन चालू न करताच उठले.

संध्याकाळी चाँद मिस्त्रीनं बटण बसणारीच्या गुडघ्यापाशी आणलं. बाज बाभळीखाली गेली.

"झालं समाधान?" सुंदररावांनी विचारलं.

"न्हाई. केजला चला. तिचं चुकलं न्हवतं, ह्ये तिला तुमच्या तोंडानं सांगा."

"बगू उद्या."

तेवढ्यात केजला जाणारी जीप आली. मी पुढची सीट अडवून बसले. ड्रायव्हर ओरडला, मागची माणसं ओरडली. मी दार उघडं धरून ठेवलं.

"चेअरमन यायचेत," मी म्हणाले. "त्यांच्याबिगर जीप हलायची न्हाई."