धाकट्याने विचारायचा प्रश्न

शिवणवाल्या मावशींना सणाच्या रात्री घरात एक तरी लहान तोंड हवं होतं, आणि त्यांच्या नजरेत ते एकच होतं: खालच्या मजल्यावरच्या, चर्चच्या पाळकांची मुलगी, जिला अख्खी इमारत 'रेडिओ' म्हणायची.

मावशी ज्यू. वल्हांडणाच्या सणाला रात्री जेवायला बसलं की घरातल्या सगळ्यात धाकट्याने विचारायचं, आजचीच रात्र अशी निराळी का, आणि मग मोठ्यांनी पूर्वज गुलामीतून सुटल्याची सगळी गोष्ट सांगायची, अशी त्यांच्यात रीत. नातू यंदा आईबापांबरोबर परदेशात गेलेला, आणि सणाला मावशी फोनला हात लावत नसत.

"मग विचारणार कोण? शिलाई मशीन?" मावशी म्हणाल्या.

"मी आहे की!" रेडिओ म्हणाली.

तीन आठवडे तिने तो प्रश्न घोकला, त्यांच्याच प्रार्थनेच्या भाषेत, त्यांच्याच चालीत. मावशी ओठांत टाचण्या धरून चुका काढायच्या. "घशातून काढ तो आवाज! खोकला आल्यासारखा. हां, आता कसं!" मधूनच गप्पा रंगायच्या.

"म्हणजे प्रभूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं? आणि पवित्र आत्मा उतरला तो वल्हांडणानंतरचा पन्नासावा दिवसही तुमचाच?"

"पन्नास दिवस मोजायला तुम्ही आमच्याकडूनच शिकलात बायो. थोरल्याचे कपडे उसवून धाकट्याला शिवतात ना, तसं आहे ते. फक्त थोरला ते अजून घालतोय, हे कुणी विचारतच नाही!"

असलं काही ऐकल्यावर रेडिओ गप्प बसते होय? रविवारच्या शाळेत तिने उभं राहून अख्खा प्रश्न सुरात म्हणून दाखवला. टाळ्याच टाळ्या! बाई धावत पाळकांकडे गेल्या, आणि आठवडाभरात ठरलं: चर्चच्या सभागृहात 'प्रभूचं वल्हांडण', प्रश्न विचारणार पाळकांची कन्या.

"अगदी त्यांच्याच कॅलेंडरातला दिवस धरलाय," पप्पा म्हणाले. चेहरा नुसता फुललेला.

रेडिओ म्हणाली, "पप्पा, त्या संध्याकाळी मी मावशींकडे जाणारेय."

"मग त्यांनाच बोलाव की! पहिल्या रांगेत बसवू."

"त्यांचा सण असतो त्या दिवशी."

"तेच तर! आपण त्यांच्या सणाचा मानच करतोय, बाळा. आणि सहाला संपेल. मग पळ."

पप्पा चिडले असते तर तिला भांडता आलं असतं. त्यांनी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मावशींनी ऐकलं आणि कापडावर कात्री थांबली. "सणाच्या दिवशी माझ्याच सणाचं नाटक बघायला येऊ?" मग त्या हसल्या, पण अर्धंच. "जा तू. बापाला नाही म्हणू नये. मी पान मांडून ठेवते. फक्त अंधार पडला की मला सुरू करावंच लागतं हं."

कार्यक्रमाच्या दिवशी पप्पा कापसाची दाढी लावून मेजाच्या मध्यभागी बसले. मेजावर टोपलीभर पाव. टम्म फुगलेले, मऊ!

"अहो काकू, बेखमीर, न फुगवलेली भाकर ठेवायची असते आज!" रेडिओ सामान आणणाऱ्या काकूंना म्हणाली. "मावशींनी कपाटं, मशीनच्या खाचा, सगळं झाडून काढलंय. पावाचा कण घरात चालत नाही त्यांना."

"ती कडक भाकर म्हाताऱ्यांच्या दाताला लागते. तू तुझा प्रश्न म्हण."

तिने म्हटला. एकही चूक नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. प्रश्नाला टाळ्या! उत्तराची वाट कुणीच बघत नव्हतं.

मग पप्पा बोलू लागले. कोकरू, दाराच्या चौकटीवरचं रक्त, वधस्तंभ. "तो जुना सण म्हणजे नुसती सावली. ती सरली, मंडळी, आता प्रत्यक्ष आलं!" सरली कशी? ती तर इमारतीच्या वरच्या मजल्यावर पान मांडून बसलीय. रेडिओने पप्पांची बाही ओढली. पप्पांनी पाहिलं, तिचे डोळे भरलेले. त्यांना वाटलं पोरीला गहिवरून आलं. त्यांनी एक पाव मोडून प्रेमाने तिच्या हातात दिला आणि अजून एक गीत घ्यायला सांगितलं. खिडक्या काळ्या होत गेल्या. गीताला सहा कडवी होती.

शेवटच्या 'आमेन'ला ती सुटली ती थेट मावशींच्या दाराशी. हात कडीपर्यंत नेला आणि थबकली. फ्रॉकभर पावाचा चुरा, खिशात अर्धा पाव. पाव तिने जिन्याच्या खिडकीत ठेवला आणि फ्रॉक झटकू लागली.

आतून तो प्रश्न ऐकू आला. घशातला आवाज अगदी जागच्या जागी, पण सूर उगाच बारीक केलेला, लहान मुलासारखा. प्रश्न संपला. त्याच गळ्याने खाकरून घेतलं. मग मावशींच्या नेहमीच्या जाड आवाजात उत्तर सुरू झालं.

रेडिओच्या तोंडून हुंदका निसटला. आतलं उत्तर थांबलं.

"रेडिओ? तूच ना गं?"

"मी विचारू मावशी? पुन्हा?"

"विचारून झालं, बायो. ते एकदाच विचारतात." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ये आत. जेवायला ये."

"माझ्या अंगावर पाव आहे."

पावलं दारापर्यंत आली.

"झटकून ये मग."

"झटकतेय," ती म्हणाली. "संपतच नाहीये."