समासातलं वाक्य

बुटाच्या टोकावर बोटाचा ठसा होता. पांढऱ्या पॉलिशमध्ये उमटलेला, अंगठ्याचा असावा, पूर्णिमाताईचा. बाकी दोन्ही बूट नवेकोरे वाटावेत असे. व्यासपीठाच्या पायरीवर उभी असलेली सृष्टी त्या ठशाकडे बघत राहिली आणि तिला एकदम वाटलं, की खालच्या आठशे मुलांनाही तो दिसतोय... वेडे, तिथून कुणाला दिसणार!

आज परिपाठात ‘आजचा शब्द’ तिचा. गेल्या वर्षीपर्यंत ही बाई, म्हणजे मीच, हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग वक्तृत्वात दुसरी आली, आणि आता — आता माइक दिसला की माझे हातच शिवशिवतात, खरं सांगते. रशीदा मॅडमच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची, शब्दाचा अर्थ सांगायचा आणि दोन वाक्यं करायची, एक पुस्तकी, एक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरं बनवलेलं असलं की मॅडमना लगेच कळतं. तिला आलेली चिठ्ठी : गैरवापर.

काल चिठ्ठी उघडल्यावर वर्गात मॅडमनी विचारलं होतं, “कशाकशाचा होतो गैरवापर?” पाण्याचा, पदाचा, विश्वासाचा... दिग्विजय ओरडला, “मॅडम, मॉनिटरचा!”

“तुझ्या डोक्याचा तर साधा वापरही नाही. बस खाली,” मॅडम म्हणाल्या, आणि वर्गाचं हसून झाल्यावर, “पण खरंच, माणसाचा होतो?”

“नाही मॅडम, माणसाचा छळ होतो,” सृष्टीनंच उत्तर दिलं होतं, ठसक्यात. “मारणं, उपाशी ठेवणं, शिव्या देणं.”

“आणि यातलं काहीच न करता?”

...यातलं काहीच न करता.

पूर्णिमाताईला कुणी मारत नाही. ती आईच्या चुलतबहिणीची मुलगी, भंडाऱ्याची. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हा आईच म्हणाली, पाठवा पुण्याला, बारावी बाहेरून देईल. ती आली आणि त्याच महिन्यात मालनबाईंचं भांडीधुणं बंद झालं — तिघींचं असं कितीसं काम असतं! आई आठला खराडीच्या ऑफिसात जाते ती सातला येते, दमून; वाईट नाहीये हो माझी आई, दिवाळीला ताईलाही माझ्यासारखाच ड्रेस घेते, सगळ्यांना सांगते, घरचीच आहे ती. घरचीच, म्हणून पगार नाही. घरचीच, म्हणून सुट्टी नाही. मागच्या वर्षी बारावीचा फॉर्म राहून गेला. यंदाचा फ्रिजवर, लाइटबिलाखाली. शेवटची तारीख उद्या. सकाळी डबा भरताना आई म्हणाली, “पुढच्या वर्षी निवांत भरू गं, आता हिची दहावी आहे ना.” ताई “हो मावशी” म्हणाली आणि बुटाला पॉलिश लावत राहिली. आणि मी? मी म्हणाले, “ताई, नाड्यापण हं.”

माइकवर आवाज खणखणीत लागला. अर्थ झाला, पुस्तकी वाक्य झालं. कागदाच्या समासात, बसमध्ये गचके खात लिहिलेली एक ओळ होती : आमच्या घरात ‘घरचीच’ म्हणून एका मुलीचा गैरवापर होतो. सृष्टीनं ती पाहिली, आणि तिच्याच तोंडून, त्याच खणखणीत आवाजात, आलं, “आमच्या सोसायटीत पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुतात.”

टाळ्या. चांगल्या जोरात.

पायरी उतरताना मॅडमनी कागद मागितला. “समासात काय आहे?”

“काही नाही मॅडम, खाडाखोड.”

“खोडलेलं तर दिसत नाहीये,” त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला, घडी घालून.

मग गणित, मग इतिहास, मग डबा — डब्यातल्या पोळ्या नेहमीसारख्याच मऊ, आणि त्या मऊ असल्याचा तिला राग आला. दिवसभर ती ओळ दप्तरातून टोचत राहिली.

संध्याकाळी ताईनंच दार उघडलं. “तोंड काहून उतरलं गं? विसरली का काही?” आणि बोलता बोलता बुटांसाठी वाकली.

“राहू दे. मी ठेवते.”

“ताप आला का तुले?” ताई हसली.

“ताई, तुला फॉर्म भरायचाय ना? मी बोलते आईशी. आजच.”

ताईचं हसू जागच्या जागी थांबलं. “नको गं. मावशीले राग आला तर मले वापस पाठवतीन. अन् तिकडं गेली का सरळ लग्न.” कुकरची शिट्टी झाली तशी ती आत गेली.

म्हणजे बोललं तर असं, आणि नाही बोललं तर... सकाळी मंचावर मी घाबरले, ते नक्की कुणासाठी? सृष्टीनं बिलाखालचा फॉर्म ओढून काढला. नावाच्या रकान्यात ताईनं नाव लिहून ठेवलं होतं, पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, कुणी नको म्हणालं तर पटकन खोडता यावं असं.

दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

‘आई’ एवढा शब्द जिभेवर तयार होता. त्यापुढचं वाक्य सकाळी किती सोपं होतं, समासात मावलं होतं. आता ते माझं आहे की ताईचं, हेच कळेना, आणि आठशे जणांसमोर न कापलेला आवाज कुठे गेला तेही... पण गंमत म्हणजे, फॉर्म परत बिलाखाली सरकवायला हात काही केल्या तयार होईना.