बटणाची फडकी

"मोठ्या माणसांनाही कपड्यांत शू होते का?"

हा प्रश्न मी भर वर्गात, उभी राहून, खणखणीत आवाजात विचारला. पैजच होती तशी. शेजारी बसणारी ढापणी आणि मागच्या बाकावरची बडबडी म्हणाल्या होत्या की तुझ्यात हिंमत नाही. आणि यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून असलं काही मला ऐकवतच नाही.

वर्ग खदाखदा हसला. आरोग्याचा तास घ्यायला आलेल्या नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. "हो, होते," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जणांना होते. बाळंतपणानंतर, वय वाढल्यावर, काही आजारांत. पुरुषांनाही. खोकलं, हसलं, जड उचललं की थेंब सुटतात, नाहीतर पोहोचेपर्यंत धीर निघत नाही. त्यात त्या माणसाची काही चूक नसते." व्यायामानं, उपचारानं बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो, पण लोक लाजेपायी सांगतच नाहीत, पाणी पिणं मात्र तोडतात आणि दुखणं वाढवून ठेवतात, असं त्यांनी सांगितलं. मग पिशवीतून एक जाड, चौकोनी शिवलेली घडी काढली. अशी कापडं आत वापरतात, धुऊन पुन्हा घेता येतात, आणि हे बटण ती सरकू नयेत म्हणून.

वर्ग हसतच होता. माझं हसू मात्र गेलं.

ढापणी कानाशी कुजबुजली, "अगं, ही तर तुझी प्रयोगशाळेतली फडकी."

खरंच तीच होती. माझी आई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते. उरलेल्या तुकड्यांतून ती घरी अशा घड्या शिवायची. चार पदर, कडेनं बारीक टाके, टोकाला एक बटण. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती जरा थांबली होती, मग म्हणाली, गरम भांडी धरायला. बटण खुंटीला अडकवायला असणार, हे माझं मीच ठरवून टाकलं. बाबा त्या फडक्यानंच किटली उचलायचे आणि वर कौतुकही करायचे. मी तर नव्याकोऱ्या गठ्ठ्यातली दोन प्रयोगशाळेत नेली होती, आणि साऱ्या वर्गानं ती हातात घेऊन वाखाणली होती.

"काहीतरीच. माझ्या आईला असलं काही नाही," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

घरी जाताना एकेक आठवत गेलं. आई नेहमी काळेच कपडे घालते. माझ्या स्पर्धेला ती दारापाशी उभी राहिली आणि निकालाआधीच निघून गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. दिवसभर ती पाण्याला शिवत नाही म्हणून बाबा तिला उंटीण म्हणतात, आणि त्यावर सगळ्यात जास्त मी हसते. आणि येत्या सोमवारी ती काम सोडणार होती. डोळ्यांना त्रास होतो, असं तिनं आम्हाला सांगितलं होतं.

आई मशीनवर बसली होती. दप्तरही न काढता मी तिला सगळं सांगितलं. पैज, प्रश्न, फडकं, आणि मी काय म्हणाले तेही. ते सांगताना माझा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

तिनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं. मग सुईकडे बघत बोलू लागली. माझ्या जन्मापासून थोडं थोडं होतंच, दोन वर्षांत वाढलं. कारखान्यात उठायचं तर सुपरवायझरला सगळ्यांदेखत विचारावं लागतं. तिसऱ्यांदा विचारलं की रांगेतली कुणीतरी हमखास म्हणते, नळ गळतोय वाटतं. गेल्या आठवड्यात खुर्ची ओली झाली. तिनं शेजारणीची बाटली घेऊन वर ओतली, पाणी सांडलं म्हणून सांगितलं.

"पण मी पाणी पीतच नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे," आई म्हणाली.

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? बायको लहान पोरासारखी ओली होते म्हणून? तुम्ही त्याच फडक्यानं किटली धरून माझं कौतुक करत होतात. मग तर तोंडच उघडेना."

बाबा मटकन खाली बसले. "आणि मी उंटीण म्हणत बसलो," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात यासाठी मंगळवारी वेगळी तपासणी असते, हे नर्सबाईंचं सांगणं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. मला वर्गातलं हसू आठवलं. ते लोक म्हणजे मीच होते. तुमच्या घरात कुणी पाणी टाळत असेल, दारापाशीच बसत असेल, तर तुम्हीही एकदा आठवून बघा, कशाकशावर हसला होतात.

बाबांनी पेला भरून आणला. आई अर्धा प्याली, थांबली, मग तिनं उरलेलाही संपवला.

"तुझ्या वर्गात आता कळलंच आहे," ती म्हणाली. "माझ्यापायी तुझ्या नावावर खोटं नको. सांग त्यांना."

मी उभी राहिले, स्पर्धेत राहते तशी, फक्त आवाज साधा ठेवला. "ऐका दोघं. सोमवारी आई कामावर जाईल, सोडायला नाही, शिवायला. मंगळवारी मी शाळा बुडवणार आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जाणार. बुधवारी नर्सबाई पुन्हा येणार आहेत. मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार, न हसता. आणि वर्गाला सांगणार, ती फडकी माझ्या आईनं शिवली आहेत. स्वतःसाठी."